शेलमधील यादी : उगम आणि मर्यादा

चकलांबा, गेवराई व शिरूर कासार ही बीड जिल्ह्यातील तीन स्थळनामे. ती रिकाम्या जागांनी विलग करून एका चलात साठविली व शेलकडून एकेक नाव मागितले, तर प्रमाण शेल चार नावे देतो. ‘शिरूर कासार’चे दोन तुकडे होतात. कोणत्याही युनिक्स यंत्रणेवर चालावी अशी आज्ञावली लिहिणाऱ्यास हा पेच आजही पडतो. त्याचे मूळ शेलच्या इतिहासात आहे.

केन थॉम्प्सन यांच्या १९७१ मधील शेलमध्ये केवळ क्रमांकित प्राचल होते. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर प्रसृत झालेल्या स्टीफन बोर्न यांच्या शेलमध्ये नामांकित चल होते. तथापि एका चलात एकच अक्षरमाला राहत असे. तिचे तुकडे कोठे पाडावयाचे, हे ‘आयएफएस’ या चलातील विभाजक चिन्हे ठरवीत. खरीखुरी यादी एकच होती, ती म्हणजे आज्ञावलीस मिळालेल्या प्राचलांची. "$@" असे दुहेरी अवतरणात लिहिले असता प्रत्येक प्राचल अखंड राहतो. "$*" लिहिल्यास सर्वांची मिळून एक अक्षरमाला होते.

ही उणीव इतरांनी ओळखली नव्हती असे नाही. बिल जॉय यांच्या सी शेलमध्ये शब्दसूची होती, डेव्हिड कॉर्न यांच्या शेलने ॲरे आणला, तर टॉम डफ यांनी ‘आरसी’ शेलमध्ये यादी हेच मूल्याचे मूळ रूप मानले. १९९६ मध्ये बॅशनेही ॲरे स्वीकारला. परंतु या रचनांत एकवाक्यता नव्हती. कॉर्न शेल व बॅश घटकांची गणना शून्यापासून करतात, सी शेल व झेड शेल एकापासून. १९९२ च्या पॉझिक्स प्रमाणात ॲरेला स्थान मिळाले नाही. २०२४ च्या आवृत्तीतही ते नाही. म्हणूनच उबंटूने २००६ साली व डेबियनने २०११ साली मूळ शेल म्हणून ‘डॅश’ स्वीकारला, तेव्हा बॅशची वैशिष्ट्ये गृहीत धरणाऱ्या आज्ञावल्या अडल्या.

यास्तव सर्वत्र चालणारा मार्ग जुनाच ठरतो :

set -- 'चकलांबा' 'गेवराई' 'शिरूर कासार'

यानंतर "$@" वर आवर्तन केले असता तीनच नावे मिळतात. अशी यादी एका वेळी एकच असते. मात्र प्रत्येक फंक्शनला स्वतःचे प्राचल असल्याने तेथे दुसरी राखता येते. नावे ओळवार साठवून केवळ ओळींवर विभाजन करणे हा अन्य पर्याय होय. त्या वेळी तारांकनाचा फाइलनामांत होणारा विस्तार बंद ठेवावा लागतो, आणि नावातच नवी ओळ असेल तर हा उपायही निष्फळ ठरतो.

सारांश, विभाजकांनी सांधलेली अक्षरमाला म्हणजे यादी नव्हे. ज्या चिन्हाने आपण मूल्ये वेगळी करतो, ते चिन्ह मूल्यातच आले की नोंद मुकाट्याने बदलते, आणि शेल त्याची सूचनाही देत नाही.