बीथोव्हेन (१९९२ चित्रपट)

बीथोव्हेन हा ३ एप्रिल १९९२ रोजी प्रदर्शित झालेला अमेरिकन कौटुंबिक विनोदी चित्रपट आहे. एका मध्यमवर्गीय घरात शिरलेला सेंट बर्नार्ड जातीचा धिप्पाड कुत्रा आणि त्याच्यामुळे हैराण झालेला कुटुंबप्रमुख हा त्याचा विषय. दिग्दर्शन ब्रायन लेव्हंट यांचे असून चार्ल्स ग्रोडिन, बॉनी हंट व डीन जोन्स यांच्या प्रमुख भूमिका आहेत. चित्रपटास प्रेक्षकांचा मोठा प्रतिसाद लाभला. समीक्षकांची मते मात्र बहुतांशी प्रतिकूल किंवा संमिश्र होती.

कथानक

चोरांच्या तावडीतून सुटलेले एक पिल्लू न्यूटन कुटुंबाच्या घरात शिरते. धाकटी मुलगी एमिली पियानोवर बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीचे सूर वाजवत असता ते भुंकून साथ देते, म्हणून त्याचे नाव बीथोव्हेन ठेवले जाते. वडील जॉर्ज यांचा मोटारीतील सुगंधी द्रव्यांचा व्यवसाय आहे. सुवास विकणाऱ्या गृहस्थाच्या नशिबी लाळ गाळणारा, चिखलात लोळणारा कुत्रा यावा, हीच कथेतील मूळ गंमत.

मुलांना मात्र तो आधार वाटतो. मुलगा टेड याला छळणाऱ्या टवाळ पोरांना तो पिटाळतो आणि पोहण्याच्या तलावात पडलेल्या एमिलीला वाचवतो. पुढे पशुवैद्य डॉ. व्हार्निक हा कुत्रा हिंस्र असल्याचा बनाव रचतो. बंदुकीच्या नव्या गोळ्यांच्या चाचणीसाठी त्याला मोठ्या कवटीचा कुत्रा हवा असतो. जॉर्ज फसतात; सत्य उमगल्यावर सारे कुटुंब बीथोव्हेनच्या सुटकेस धावते.

निर्मिती

पटकथा एमी होल्डन जोन्स आणि ‘होम अलोन’चे लेखक जॉन ह्यूज यांची आहे. ह्यूज यांनी एडमंड दांतेस हे टोपणनाव वापरले. ते आलेक्सांद्र द्यूमा यांच्या ‘द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्तो’ या कादंबरीच्या नायकाचे नाव आहे. संगीत रँडी एडलमन यांचे. बीथोव्हेनची भूमिका प्रामुख्याने ख्रिस नावाच्या कुत्र्याने केली व त्याला कार्ल लुईस मिलर यांनी शिकवले. याच मिलर यांनी १९८३च्या ‘कुजो’ या भयपटातील पिसाळलेल्या सेंट बर्नार्डसाठीही कुत्रे तयार केले होते.

समीक्षा व मते

प्रतिकूल मतांचा रोख प्रामुख्याने कथेवर आहे. पुढे काय घडणार हे आधीच कळते, लाळ व चिखल यांवरचे विनोद वारंवार येतात, असे आक्षेप घेतले गेले. रॉजर ईबर्ट यांनी चारपैकी अडीच तारे दिले. ग्रोडिन यांच्या अभिनयाची मात्र अनेकांनी वाखाणणी केली. आरडाओरडा न करता, ओठ आवळून, आतल्या आत धुमसत त्यांनी उभा केलेला बाप हा चित्रपटाचा खरा आधार आहे.

जॉर्ज यांची तक्रार खोटी नाही, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. एवढ्या मोठ्या जनावराचा खर्च, घाण आणि जबाबदारी अखेर मोठ्यांवरच पडते, आणि चित्रपट ती बाजू हसत हसत का होईना, मांडतो. त्यातील सर्वांत गंभीर प्रसंगही जॉर्ज यांचाच आहे. आपल्या वडिलांनी घरचा कुत्रा मारण्यासाठी नेला तेव्हा आपण त्यांचा द्वेष केला होता, आता आपली मुले आपला द्वेष करतील, असे ते कुत्र्याला पशुवैद्याकडे नेताना बोलून दाखवतात. विनोदी चित्रपटात हा प्रसंग अनपेक्षित आहे, आणि तो विनोदासाठी वाया घालवलेला नाही.

व्हार्निकचे उपकथानक मात्र उर्वरित चित्रपटाशी जुळत नाही. कुत्र्यांच्या डोक्यावर गोळ्यांची चाचणी ही कल्पना लहान मुलांसाठी भीतिदायक आहे. शिवाय या खलनायकामुळे जॉर्ज आणि कुत्रा यांच्यातील मूळ भांडण सोडवण्याची गरजच उरत नाही; दुष्ट माणूस समोर आला की कुत्रा आपोआप निर्दोष ठरतो. जाणत्या प्रेक्षकांना या पात्राच्या पात्रनिवडीत गंमत वाटते. डीन जोन्स हे डिस्नेच्या ‘द अग्ली डॅक्सहुंड’ (१९६६) या चित्रपटात अवाढव्य ग्रेट डेन पाळणारे सज्जन गृहस्थ होते.

उत्पन्न व पुढील भाग

सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात सुमारे १४ कोटी ७० लाख डॉलर मिळवले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक उत्पन्न अमेरिकेबाहेरचे होते. १९९३ मध्ये दुसरा भाग चित्रपटगृहांत आला. २०१४ पर्यंत मालिकेत एकूण आठ चित्रपट झाले, परंतु ग्रोडिन व हंट पहिल्या दोहोंतच आहेत. १९९४-९५ मध्ये सीबीएस वाहिनीवर सचेतपट मालिका दाखवली गेली. तीत जॉर्ज न्यूटन यांना आवाज दिला तो मूळ चित्रपटातील खलनायक डीन जोन्स यांनी.