कवळीचे ऐन

कोकणात सरपण करायचं ते थंडीत, पण थंडीसाठी नव्हे. आमच्या रोहा तालुक्यात पौषातला गारठा पहाटे अंगाला झोंबतो आणि दहाच्या उन्हात विरून जातो. त्याला अंगणातली शेकोटी पुरते, आणि शेकोटीला पातेरा, पेंढा, वईच्या मोडक्या काटक्या काहीही चालतं. खरी थंडी यायची ती आषाढात. आठ-आठ दिवस झड, कौलांतून ठिबकणारं पाणी, सारवलेली जमीन ओली, गुरं ओली, लावणीवरून आलेली माणसं हाडांपर्यंत भिजलेली. त्या दिवसांत चूल विझली की जेवण गेलं, अंग शेकणं गेलं, बाळंतिणीची शेगडी गेली, चुलीवरच्या माच्यावर ठेवलेलं मीठ आणि सुकी मासळीही हाताशी राहिली नाही. म्हणून कोरडं अर्धं वर्ष त्या चार महिन्यांच्या विस्तवासाठी राबायचं. आगोट लागण्याआधी ज्या घराची सरपणाची खोप भरली नाही, त्या घराची सून गावात मान खाली घालून चालायची, असं आजी सांगायची.

आजीला लग्नाचं साल विचारलं तर ती आकडा सांगत नसे. म्हणे, ‘‘मोटारी कोळशावर चालायच्या ना, तेव्हाचं.’’ दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आलं आणि मोटारींना लोखंडी भट्टी जोडून लाकडी कोळशाच्या वायूवर त्या चालवू लागले. आजी नवी नवरी होऊन आली ती अशाच मोटारीतून. चढ आला की उतारू खाली उतरून चालत. त्या भट्टीत जळणारा कोळसा आपल्या घरामागच्याच डोंगरासारख्या डोंगरांचा असतो, हे तिला सासरी आल्यावर कळलं. तिच्या सांगण्यात राजेरजवाडे आणि लढाया नसत. डोंगराचा कुठला पट्टा केव्हा उघडा पडला, कोणी तोडला, तो पुन्हा केव्हा भरला, हे तिला पाठ होतं. पुढे पुस्तकांतून जे वाचलं ते मी तिच्या हिशोबाशी ताडून पाहिलं. तिचा हिशोब पक्का होता.

भात झोडून झालं की मार्गशीर्षात कवळतोड सुरू व्हायची. ऐनाची पानं माघ-फाल्गुनात झडतात, त्याआधी ती फांदीसकट उतरवून घ्यायची. माझे थोरले काका या कामातले वाकबगार. कमरेला आकडी, आकडीत अडकवलेला कोयता, पाय अनवाणी. खोडावरच्या जुन्या खुंटांवर पाऊल ठेवत ते वर जात आणि शेंडा सोडून खाली येत येत फांद्या उतरवत. शेंड्याला हात लावायचा नाही, हा पहिला नियम. शेंडा राहिला की झाड आपली वाढ विसरत नाही. दुसरा नियम घावाचा. पहिला हलका घाव फांदीच्या खालच्या अंगाला, मग वरून. नुसता वरून घातला तर फांदी स्वतःच्या भारानं मोडते आणि खाली जाताना खोडाची साल सोलून नेते, त्या उघड्या जागेतून वाळवी शिरते. काप तिरका हवा, म्हणजे पावसाचं पाणी त्यावर साचत नाही. आणि खोडाशी वीतभर खुंट राखायचा, कारण पुढचे धुमारे त्यावरच फुटतात. एकदा उतरवलेल्या ऐनाला दोन-तीन वर्षं कोणी कोयता लावत नसे. अख्खा डोंगर काकांच्या डोक्यात असा वाटून ठेवलेला होता: या वर्षी ओढ्याच्या अलीकडचे, पुढच्या वर्षी पलीकडचे, त्याच्या पुढच्या वर्षी वरच्या टेपाडावरचे. कागदावर यातलं काही नव्हतं.

खाली बाया कवळाचे भारे बांधत. बंदाला दोरी विकत कोण आणणार? कुंभ्याची साल सोलायची, ओली असतानाच पिळायची, झाला बंद. याच सालीच्या वाती पूर्वी तोड्याच्या बंदुकीला लावत, हे सांगताना काकांच्या आवाजात अभिमान असे, जणू बंदूक त्यांचीच होती. भारे वाळले की चैत्र-वैशाखात भाताच्या रोपांच्या, म्हणजे दाढीच्या, जागेवर शेणाचा थर, त्यावर कवळ, त्यावर पातेरा आणि गवत, वर मातीचं पातळ पांघरूण असा राब रचायचा आणि वाऱ्याच्या उलट अंगानं पेटवायचा, म्हणजे आग धावत नाही, सावकाश मुरते. तणाचं बी मरतं, राखेवर रोप जोमानं येतं. पण राबावर कवळ जाण्याआधी त्यातली अंगठ्याएवढी, मनगटाएवढी फाटी बाया वेगळी काढून घेत. घराच्या सरपणाचा मोठा हिस्सा हा असा यायचा. एकाच फांदीची पानं भाताला आणि लाकूड चुलीला. बाकीचं वाऱ्यानं पडलेलं, वठलेलं, वाळलेलं. नुसत्या सरपणासाठी उभं झाड बुंध्यातून पाडायचं, हे त्या घरात कोणाच्या मनातही येत नव्हतं.

फोडणं मात्र लगेच व्हायचं. ऐनाचा ओंडका ओला असतानाच फोडावा, वाळला की कुऱ्हाड त्याच्यावरून उडते. गाठ असेल तिथे पाचर ठोकायची. ओल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असतं. ते चुलीत घातलं तर बरीच आग ते पाणी उडवण्यातच जाते आणि उरलेल्या वेळात धूर होतो. म्हणून पौषात फोडलेलं लाकूड वैशाखापर्यंतचं सगळं ऊन खात पडायचं आणि मगच खोपीत जायचं. खाली दगड, दगडांवर आडवी लाकडं, म्हणजे वाळवी आणि ओल वर चढत नाही. भिंतीकडे भाद्रपदाचं, मधे श्रावणाचं, दाराशी आषाढाचं. भाकरीला ऐन आणि किंजळ, कारण त्यांचा निखारा टिकतो. पांगारा, सावर भडकून राख होतात, ते पाणचुलीला. पेटवणीला कारवीच्या काठ्या. कारवी सात-आठ वर्षांनी फुलते आणि मरते. त्याच्या पुढच्या वर्षी काठ्यांची नुसती लूट. बिब्ब्याचं लाकूड चुकूनही मोळीत येऊ द्यायचं नाही, त्याच्या धुरानं तोंड सुजतं. वड, पिंपळ, उंबर चुलीत जात नसत. आणि देवराईतली तर गळून पडलेली काटकीही उचलायची नाही. रात्री शेवटचा निखारा राखेत पुरायचा, पहाटे उकरून फुंकणी घालायची. युद्धाच्या दिवसांत रॉकेलची आणि काड्यापेटीची टंचाई होती तेव्हा वाडीत ज्या घरी निखारा जागा असेल तिथून विस्तव मागून आणत. विस्तवाला नाही म्हणायचं नाही.

आजीचं माहेर उरणच्या बाजूचं, आणि तिथल्या गोष्टी वेगळ्या होत्या. तिथे कवळीच्या कोयत्याला सरकार आडवं आलेलं होतं. १८७८च्या कायद्यानं डोंगर राखीव झाले आणि ज्या फांदीवर शेत चालायचं ती फांदी तोडणं गुन्हा ठरू लागलं. ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांतल्या कुणब्यांची, आगऱ्यांची, कातकऱ्यांची राबाची तक्रार इतकी वाढली की मुंबई सरकारला फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. त्याचा अहवाल १८८७चा. त्याआधीच, १८८३ साली, जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्यानं शेतकऱ्याचं रान कसं हिरावलं ते लिहून ठेवलं होतं. गुरं जंगलात शिरली की कोंडवाडा, मोळी सापडली की दंड, आणि दंड चुकवायचा तर रखवालदाराला कोंबडी. साहेबाचं म्हणणं असं की रयतेच्या कोयत्यानं जंगल मरतं. त्याच काळात रेल्वेच्या रुळांखाली घालायला ओंडके कापले जात होते, बुंध्यातून, तुकडीच्या तुकडी. त्या कापणीला वनशास्त्र म्हणत. हे वाचताना मला अजून राग येतो.

२५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळच्या चिरनेरला अक्कादेवीच्या डोंगरावर आसपासच्या गावांतले लोक जंगल सत्याग्रहासाठी जमले. हातात कोयते आणि कुऱ्हाडी, रोजच्या कामाच्याच. पोलिसांनी गोळीबार केला. मेलेल्यांत नाग्या महादू कातकरी होता. आजी तेव्हा लहान होती. तिच्या आठवणीत बंदुकीचा आवाज नाही, पुढचे दिवस आहेत: बाया फाटीला जाईनात, पुरुष घरात राहीनात, आणि तिच्या आईनं परसातल्या वईचे खुंट उपटून चुलीत घातले. पाऊस अजून सरला नव्हता, लाकूड ओलं होतं. घर धुरानं भरलं आणि डोळ्यांतलं पाणी कशाचं ते कोणी विचारलं नाही, असं ती म्हणायची.

डोंगर खरा खाल्ला तो मुंबईनं, आणि हे मी मुंबईत वाढलेली म्हणून मुद्दाम लिहिते आहे. चाळीतल्या शेगडीत लाकडी कोळसा असे. वखारीतून तो पोत्यानं यायचा आणि पोत्यापलीकडे कोणी पाहत नसे. तो यायचा कुलाबा-ठाण्याच्या डोंगरांतून, खाड्यांतून मचव्यांवर आणि पुढे ट्रकांतून. भट्टी लावायचे कातकरी. दसऱ्याच्या आधी व्यापाऱ्याकडून उचल घेतलेली असायची, ती फेडायला अख्खं कुटुंब रानात खोपटं घालून राहायचं. लाकडं रचायची, वर पाला, पाल्यावर माती थापायची, तोंडाशी आग द्यायची आणि मग रात्रंदिवस राखण. धूर पांढरा आहे तोवर पाणी जळतं आहे; धूर निळसर, पातळ झाला की भोकं बुजवायची. जरा चुकलं, हवा शिरली, तर कोळशाऐवजी राख, आणि उचल डोक्यावर तशीच. अशा मातीच्या भट्टीत पाच-सहा किलो लाकडामागे किलोभर कोळसा पदरात पडतो. चाळीतल्या एका पोत्यामागे किती ऐन गेले असतील, ते यावरून कळेल. भट्टीला फांद्या पुरत नाहीत, तिला खोड लागतं. युद्धाच्या वर्षांत आमच्यामागचा डोंगर असा बुंध्यातून गेला. बांधावरचे आणि घराजवळचे कवळीचे ऐन तेवढे राहिले, कारण ते दिले असते तर राब कशाचा करणार?

हे सगळं काम सोन्यासारखं होतं असं मी म्हणणार नाही. वीस-पंचवीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन उतारावरून येणाऱ्या बाईच्या मानेला काय होतं, ते आजीची मान सांगत होती. चाळिशीतच तिचे डोळे चुलीनं नेले होते, सुईत दोरा ओवायला ती आम्हा मुलांना बसवायची. घरात गॅस आला त्या दिवशी तिनं शेगडीला हळदकुंकू वाहिलं. मला त्यात काही विचित्र वाटलं नाही.

तिच्या खोपीत एक रास वेगळी असे, आंब्याच्या जाड ओंडक्यांची. गणपती जाईपर्यंत तिला कोणी हात लावायचा नाही. पावसात गावात कोणी गेलं तर घरटी कोरडं लाकूड स्मशानात पोचवायचं असे, त्यासाठी ती. मेलेला माणूस कोणत्या आळीचा, त्याच्याशी आपलं बोलणं आहे की नाही, हे त्या वेळी बघत नसत. आजी स्वतः गेली ती मे महिन्यात, कोरड्या दिवसांत, आणि तोवर लाकूड तालुक्याहून टेम्पोनं मागवता येत होतं. तरीही संध्याकाळपर्यंत घरटी फाटी आली. जिच्याशी आजीचं वर्षानुवर्षं पटलं नव्हतं, त्या शेजारणीनं स्वतः डोक्यावरून आणली.

आता राब फार थोडे लोक भाजतात. गादीवाफ्यावर रोप होतं, खत पिशवीतून येतं. २०१६ नंतर उज्ज्वलाचे सिलिंडर कातकरीवाडीपर्यंत पोचले. ते पुन्हा भरून आणणं परवडत नाही तेव्हा तिथल्या बाया फाटीला जातात. आमच्याकडे फक्त न्हाणीतली पाणचूल लाकडावर आहे. त्यामुळे ऐनावर आता कोणी चढत नाही, आणि काकांना याचीच भीती वाटते. दर दोन-तीन वर्षांनी ज्या झाडाकडे कोणीतरी मान वर करून बघायचं, ते झाड नुसतं सातबाऱ्यावर उरतं. सातबाऱ्यावर नावं मुंबईतल्या भावंडांची. मग ठेकेदार येतो, मालकी रानाचा उक्ता भाव ठरतो, यंत्राच्या करवतीनं आठवड्यात डोंगर बोडका होतो. ऐन आणि किंजळ १९६४च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. पण परवानगी मागायला मालकाचीच सही लागते आणि मालकाला झाड कोणतं ते ठाऊक नसतं.

गेल्या वर्षी आमच्याकडेही ठेकेदार बोलणी करायला आला. चुलतभावानं करारात लिहून घेतलं: ऐन, किंजळ, आंबा आणि बांधावरचं प्रत्येक झाड सोडून. ठेकेदारानं रक्कम बरीच उतरवली. फोनाफोनी झाली, थोडी कुरबुर झाली, आणि सगळ्यांनी उतरलेल्या रकमेवर सह्या केल्या. या मार्गशीर्षात वाडीतली दोन मुलं कवळतोड शिकायला येणार आहेत. कवळ आमच्या खाचराच्या राबाला, फाटी पाणचुलीला. काकांना आता चढवत नाही. ते खाली खुर्ची टाकून बसणार आहेत आणि घाव कुठे घालायचा ते ओरडून सांगणार आहेत. कोयत्यांना धार लावून आणायचं काम माझ्याकडे आहे.