सुरतेचे बैल आणि त्यांचे जनक

सतराव्या शतकात सुरतेस उतरणाऱ्या युरोपीय प्रवाशांस तेथील गाडीच्या बैलांचे मोठे नवल वाटे. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए याने आपल्या जोडीस सुमारे सहाशे रुपये मोजले. असे बैल साठसाठ दिवस दुडक्या चालीने मजला मारीत. दुपारी त्यांस तूपगूळ घालून मळलेले कणकेचे गोळे चारीत, असे तो लिहितो.

पण हे बैल खच्ची केलेले. त्यांचा वंश त्यांच्यापाशीच संपला. ते बळ त्यांस ज्याने दिले, तो वळू कुठल्याशा गायरानात चरत राहिला. वासरात निम्मा वाटा आईचा, निम्मा बापाचा, हे खरे. परंतु गाय वर्षास एक वासरू देते, वळू पाचपन्नासांचा बाप होतो. म्हणून कळप सुधारतो वा बिघडतो तो मुख्यतः वळूमुळे.

आमच्या स्मृतिकारांस याची जाण होती. वृषोत्सर्गात सोडावयाचा वृषभ दुभत्या आणि जिची वासरे जगली आहेत अशा गायीचा पुत्र असावा, असे विष्णुस्मृती सांगते. दूध काही वळूच्या अंगी दिसत नाही. तेव्हा त्याची आई पाहावयाची! पुढे स्वस्तात मिळेल तो गोऱ्हा सोडून श्राद्ध उरकणारे यजमानही निघाले, हे दुर्दैव. त्यातच असा पोळ कोणाचीच मालमत्ता नव्हे, असा निर्णय अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने १८८५ च्या सुमारास दिला. धनी नाही, म्हणून जाब देणाराही नाही. सुरत ज्या मुंबई इलाख्यात होती, तेथे १९३३ साली पशुधन सुधारणेचा कायदा झाला व परवान्यावाचून ठेवलेला वळू खच्ची करविता येऊ लागला. कायद्याने वाईट वळू हटतो. चांगला आणावा लागतो.

तो परक्यांनी आणला. गुजरातची कांकरेज जात ब्राझीलमध्ये ‘गुझेरा’ नावाने नांदते. टेक्सासातील किंग रँचवर भारतीय रक्ताचा ‘मंकी’ नामक वळू १९२० साली जन्मला. सांता गर्ट्रूडिस ही सबंध जात त्याच्या वंशातली, आणि १९४० साली तिला सरकारी मान्यता मिळाली. तेथील हेतू मांसाचा. आमच्या वाचकांस तो रुचणार नाही, आम्हांसही रुचत नाही. पण हिशेब चोख आहे: वळूची पारख त्याच्या देखणेपणावर न थांबता त्याच्या वासरांची वजने मांडून होते.

गोशाळेत नवा वळू येतो तेव्हा मंडळी शिंगे पाहतात, वशिंडावरून हात फिरवितात. याच्या आईला दूध किती होते, हा विष्णुस्मृतीतला प्रश्न आमच्या कानी क्वचितच पडला आहे.