डिस्चार्जच्या कागदाचा इतिहास: वजनाच्या शस्त्रक्रियेनंतरचं आयुष्य कोणी शिकवलं?

(पॉडकास्टच्या भागाचं लिखित रूप. बोलण्यातली काही वाक्यं तशीच ठेवली आहेत.)

आजचा भाग एका कागदाबद्दल आहे.

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरी, झाली की घरी जाताना पेशंटच्या हातात एक छापील कागद देतात. जेवताना पाणी पिऊ नका. घास लहान घ्या, नीट चावा. गोड टाळा. व्हिटॅमिनच्या गोळ्या आयुष्यभर घ्या. दारू नको. तपासणी चुकवू नका. दहा-बारा ओळी, बस. माझ्याकडेही असा एक कागद आहे, कारण चार वर्षांपूर्वी माझं गॅस्ट्रिक बायपास झालं. पहिले काही महिने तो फ्रिजवर चिकटवलेला होता आणि मी तो निमूट पाळत होते. मग इतिहासाची खोड असलेल्या माणसाला पडतो तो प्रश्न पडला. या ओळी आल्या कुठून? कोणाला काय झालं, म्हणून त्या लिहाव्या लागल्या?

चला, एकेक ओळ घेऊ.

"गोड टाळा, जेवताना पाणी नको." या ओळीसाठी थेट व्हिएन्नाला जावं लागतं. २९ जानेवारी १८८१ रोजी थिओडोर बिलरोथ या सर्जनने कॅन्सर झालेल्या जठराचा खालचा भाग कापून उरलेलं जठर आतड्याला जोडलं. त्या बाई ऑपरेशनमधून वाचल्या, पण काही महिन्यांनी कॅन्सरनेच गेल्या. मात्र जठर कापूनही माणूस जेवू शकतो, हे जगाला कळलं. पुढची कित्येक दशकं पोटातल्या अल्सरसाठी अशी ऑपरेशनं होत राहिली. वजनाचा तेव्हा काही संबंध नव्हता.

पण या पेशंट्सची एक तक्रार असायची. जेवून उठलं की धडधड, घाम, चक्कर, आडवं व्हावंसं वाटणं. १९१३ मध्ये इंग्लंडमधल्या आर्थर हर्ट्झ या डॉक्टरने याचा संबंध जठर फार भराभर रिकामं होण्याशी जोडला. १९२२ मध्ये अमेरिकेतून त्याला 'डम्पिंग' हा शब्द मिळाला. जठराच्या तळाला एक झडप असते, ती अन्न थोडं थोडं पुढे सोडते. ती काढली किंवा वळसा घालून टाळली, की गोड आणि पातळ अन्न एकदम आतड्यात कोसळतं. आतडं रक्तातलं पाणी ओढून घेतं, आणि अर्ध्या तासाच्या आत माणूस घामाघूम होतो. काहींना एक ते तीन तासांनी दुसरा झटका येतो: साखर भसकन वाढली म्हणून इन्सुलिन जास्त सुटतं, आणि मग साखर खाली पडते.

मला हे एका लग्नात कळलं. दोन चमचे बासुंदी. वाटीभर नाही, दोन चमचे! वीस मिनिटांत मी कार्यालयाच्या मागच्या खोलीत गादीवर आडवी. मामी वारा घालत म्हणाली, "अगं, उन्हाचा त्रास असेल." तो उन्हाचा त्रास नव्हता. शंभर वर्षांपूर्वीच्या अल्सरच्या पेशंट्सनी डॉक्टरांना जे सांगितलं होतं, तेच मला होत होतं.

आता दुसरी ओळ: "तपासणी चुकवू नका." मला विचाराल तर कागदावरची सगळ्यात महाग पडलेली ओळ हीच.

निव्वळ वजनासाठी केलेली पहिली ऑपरेशनं १९५० च्या दशकातली. अमेरिकेत मिनेसोटामध्ये सर्जनांनी जठराला हात न लावता लहान आतड्यालाच वळसा घातला. कल्पना साधी होती. अन्न शोषणारं आतडंच कमी केलं, तर खाल्लेलं अंगी लागणार नाही. साधारण सहा मीटरच्या लहान आतड्यातलं किती वापरात ठेवायचं? १९६९ मध्ये पेन आणि डीविंड या कॅलिफोर्नियातल्या सर्जनांनी जे माप मांडलं ते होतं १४ इंच अधिक ४ इंच. म्हणजे अठरा इंच. एक हात, धरा.

वजन उतरलं, झरझर उतरलं. हवं ते खा, तरी बारीक व्हा! पेशंट खूश, सर्जन खूश. पण पुढे? सततचे जुलाब. शरीरातले क्षार निघून जाणं. मूतखडे. सांधेदुखी. आणि काहींचं यकृत निकामी होऊ लागलं. माणसं गेली. हे सगळं ऑपरेशन थिएटरमध्ये दिसलं नव्हतं, ते दिसायला महिने आणि वर्षं लागली. १९८० च्या सुमारास हे ऑपरेशन बंद पडलं, आणि अनेकांची पोटं पुन्हा उघडून आतडं पूर्ववत जोडावं लागलं. जोडल्यावर वजनही परत आलं.

इथे जरा थांबते. या लोकांवर काय बेतलं असेल बघा. आधी जाडीमुळे जगणं अवघड, मग बारीक होऊन आजारी, मग बरं होण्यासाठी पुन्हा जाड. वजनाचा आकडा कमी झाला म्हणजे माणूस बरा झाला असं नाही, हे त्यांच्या शरीरावर सिद्ध झालं. रक्ताच्या तपासणीला लॅबमध्ये दंडाला रबर बांधून बसते ना, तेव्हा मला त्यांची आठवण येते.

तिसरी गोष्ट आयोवाची. तिथल्या विद्यापीठात एडवर्ड मेसन नावाचे सर्जन होते. अल्सरसाठी जठराचा मोठा भाग काढलेल्या पेशंट्सचं वजन उतरतं आणि पुन्हा वाढत नाही, ही जुनी गोष्ट त्यांनी नव्या नजरेने पाहिली. १९६६ मध्ये त्यांनी आणि चिकाशी इटो यांनी जठराचा वरचा छोटा कप्पा वेगळा करून तो आतड्याला जोडला. हेच पहिलं गॅस्ट्रिक बायपास. मेसन २०२० पर्यंत जगले, शंभर वर्षं. १९८० मध्ये त्यांनी आणखी सोपं ऑपरेशन आणलं: आतड्याला हात लावायचा नाही, फक्त जठराचा कप्पा लहान करायचा आणि त्याच्या तोंडाशी पट्टी बसवायची.

ते सुरक्षित होतं, पण पोळी-भाजी अडकायची आणि आइस्क्रीम सरसर उतरायचं. मग पेशंट काय खाणार? जे उतरतं ते! १९८७ मध्ये व्हर्जिनियातल्या हार्वी शुगरमन यांनी दोन्ही ऑपरेशनांची तुलना प्रसिद्ध केली. गोड खाणाऱ्यांमध्ये बायपासचा निकाल चांगला आला. म्हणजे मला लग्नात आडवं पाडणारं ते डम्पिंग एका परीने पहारेकरीही होतं. "मऊ आणि गोड खाण्यावर राहू नका, आधी प्रथिनं" ही ओळ इथली.

"गोळ्या आयुष्यभर." यामागे एक विलक्षण गोष्ट आहे. १९२० च्या दशकाच्या शेवटी बॉस्टनमध्ये विल्यम कॅसल यांनी दाखवलं की निरोगी जठर असा काहीतरी घटक तयार करतं, ज्याच्याशिवाय एका प्रकारचा गंभीर पंडुरोग होतो. ज्याला शोषून घ्यायला तो घटक लागतो ते बी-१२ जीवनसत्त्व १९४८ मध्ये वेगळं काढता आलं. आता जठराला वळसा घातला, की हे गणित बिघडतं. आणि गंमत अशी की बी-१२ चा साठा यकृतात वर्षानुवर्षं पुरतो. त्यामुळे पहिलं वर्ष-दोन वर्षं माणूस ठणठणीत असतो, गोळ्यांचा कंटाळा करतो, आणि मग हातापायाला मुंग्या यायला लागतात. थायमिनचं, म्हणजे बी-१ चं, अगदी उलट. त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांचाच. ऑपरेशननंतर सारख्या उलट्या होत असतील तर मेंदूवर परिणाम होऊ शकतो: तोल जाणं, डोळ्यांची हालचाल बिघडणं, गोंधळ. म्हणून उलट्या थांबत नसतील तर घरी लिंबूपाणी पीत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा.

आपल्याकडे यात एक भर आहे. शाकाहारी घरांत बी-१२ आधीच कमी असतं. शिवाय आपलं ताट पोळी-भाताचं, आणि डाळ-उसळ वाटीतली. पोटात जागा वाटीभरच उरली, तर क्रम उलटा करावा लागतो: आधी उसळ, पनीर, अंडं; पोळी मग, जमली तर. आमच्याकडे सासूबाईंना हे पटायला सहा महिने लागले. "भात नाही तर जेवली काय तू?" असं त्या विचारायच्या.

आता भूक. ऑपरेशननंतरच्या पहिल्या वर्षात मला भूकच लागत नव्हती, आणि पोट लहान झालं म्हणूनच असेल असं मी धरून चालले होते. पण १९९५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या वॉल्टर पोरीज यांनी जे प्रसिद्ध केलं त्याने हा समज हलला. त्यांच्या १४६ मधुमेही पेशंट्सपैकी १२१ जणांची साखर बायपासनंतर ताब्यात आली होती, आणि ती सुधारणा वजन उतरायच्या आधीच, काही दिवसांतच सुरू व्हायची. १९९९ मध्ये जपानमध्ये घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक सापडलं. २००२ मध्ये बायपास झालेल्यांमध्ये ते फारच कमी आढळलं. थोडक्यात, हे ऑपरेशन निव्वळ पिशवी लहान करत नाही, ते पोट आणि मेंदूमधला निरोपच बदलतं. मधुमेह असलेल्यांची औषधं ऑपरेशननंतर लगेच कमी करावी लागतात, ती याचमुळे. हल्ली ज्या वजनाच्या इंजेक्शनांची चर्चा चालू आहे, तीही आतड्यातल्या अशाच निरोपांची नक्कल करतात.

पण निरोप कायमचा तसाच राहत नाही. स्वीडनमध्ये १९८७ पासून एक मोठा अभ्यास चालू झाला. २०१० ऑपरेशन झालेले लोक आणि जवळपास तेवढेच न झालेले, वर्षानुवर्षं पाहिले गेले. २००७ मध्ये आलेले आकडे सांगते. बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं होतं. दहा वर्षांनी ते २५ टक्क्यांवर आलं. म्हणजे काही वजन परत आलं, बरंचसं नाही आलं. आणि ऑपरेशन झालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी होतं.

तिसऱ्या वर्षी माझं सहा किलो वजन परत आलं. भूकही आली. ओळखीचे लोक वरून खाली बघायचे आणि म्हणायचे, "परत सुटलीस का गं?" रात्री झोप लागायची नाही. वाटायचं, एवढा खर्च, एवढी भीती, घरच्यांची एवढी धावपळ, सगळं मातीत. स्वीडनचा तो आलेख पाहिला त्या दिवशी मी पहिल्यांदा शांत झोपले. दोन हजार माणसांची रेघ त्याच जागी थोडी वर वळली होती. ते माझं पाप नव्हतं, शरीराचा स्वभाव होता. त्यानंतर मी आहारतज्ज्ञांकडे पुन्हा जायला लागले, लाज न बाळगता.

राहिल्या दोन ओळी. दारूची ओळ तशी नवी. २०१२ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला. ऑपरेशनच्या आधीच्या वर्षी ७.६ टक्के लोकांना दारूचा विकार होता. नंतरच्या दुसऱ्या वर्षी ९.६ टक्के. बायपासनंतर दारू आतड्यात लगेच पोहोचते आणि रक्तात झपकन चढते. त्याआधी २००७ मधल्या दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासात एकूण मृत्यू ४० टक्क्यांनी कमी दिसले होते, पण अपघात आणि आत्महत्या यांसारखे आजाराबाहेरचे मृत्यू मात्र ५८ टक्क्यांनी जास्त. जीव वाचवणारं ऑपरेशन मनाची काळजी आपोआप घेत नाही. कोणी ऑपरेशननंतर गप्प गप्प राहत असेल, तर "आता तर बारीक झालीस, आता काय दुःख?" असं कृपया म्हणू नका.

आणि नाती. २०१८ मध्ये स्वीडनमधूनच आणखी एक निष्कर्ष आला: ऑपरेशननंतर एकट्या लोकांची नाती जुळण्याचं प्रमाण वाढतं, आणि जोडप्यांमध्ये वेगळं होण्याचंही. ही ओळ माझ्या कागदावर नव्हती. असायला हवी होती. घरातलं एक माणूस बदललं की पंगतीतली सगळ्यांची जागा बदलते. आग्रह हे आपल्याकडे प्रेम आहे. "नको" म्हणणारीला ते प्रेम परत केल्यासारखं वाटतं, आणि वाढणाऱ्यालाही. आमच्या घरी यावर तोडगा निघाला: माझ्यासाठी मोदक एकच, तोही अर्धा, पण वाढायचा सासूबाईंनीच.

१९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने ऑपरेशन कोणाला करावं याचे निकष ठरवले: बीएमआय ४०, किंवा ३५ आणि सोबत आजार. त्याच निवेदनात पेशंटवर आयुष्यभर वैद्यकीय लक्ष हवं, असंही म्हटलं होतं. भारतीय सर्जनांनी आपल्या शरीराची ठेवण बघून ते आकडे ३७.५ आणि ३२.५ वर आणले. आकडे सगळ्यांना पाठ असतात. 'आयुष्यभर' हा शब्द विसरला जातो.

तेव्हा तुमच्या घरात कोणाचं असं ऑपरेशन झालं असेल, तर दोन गोष्टी करा. शेवटची रक्ततपासणी कधी झाली ते विचारा. आणि वर्षभराहून जास्त दिवस झाले असतील, तर या आठवड्यात त्यांच्याबरोबर जा.

पुढच्या भागात इन्सुलिन भारतात कसं आलं त्याची गोष्ट. तोवर काळजी घ्या, घास चावून खा. भेटू.