बेकारभत्ता : याचना आणि अधिकार

काम करण्याची शक्ति आहे, इच्छाहि आहे, परंतु काम नाहीं, अशा माणसाची स्थिति मोठी चमत्कारिक असते. तो आजारी नसतो, वृद्ध नसतो, आळशीहि नसतो. तथापि महिनाअखेर त्याच्या घरांतील डबे रिकामे होतात ते आजाऱ्याच्या घरांतल्याप्रमाणेंच. अशा माणसास समाजानें कांहीं द्यावें कीं नाहीं, आणि द्यावयाचें तर कोणत्या नात्यानें द्यावें, हा प्रश्न यंत्रयुगानें प्रत्येक देशापुढें उभा केला. इंग्लंडनें त्याचें उत्तर शोधण्यांत शंभराहून अधिक वर्षें घालविलीं. त्या प्रयत्नांचा इतिहास आपल्याहि विचारास उपयोगी पडण्यासारखा आहे.

या इतिहासांत पैशांचे आंकडे पुष्कळ आहेत. परंतु वादाचें मूळ आंकड्यांत नव्हतें. मदत मागावयास आलेल्या माणसानें प्रथम काय सिद्ध करावयाचें, हा तो वाद होता. आपण निर्धन आहों हें? आपण प्रामाणिक आहों हें? कीं पूर्वीं आपण वर्गणी भरली आहे, एवढेंच? या प्रश्नाचें उत्तर ज्या ज्या वेळीं बदललें, त्या त्या वेळीं बेकार माणसाच्या घरांतील वातावरणहि बदललें.

प्रारंभ १८३४ सालच्या दरिद्रांविषयींच्या कायद्यापासून करावा लागतो. सरकारी आश्रयावर राहणाऱ्या धडधाकट माणसाची स्थिति बाहेरच्या अगदीं हलक्या मजुराहूनहि वाईट असली पाहिजे, असें त्या कायद्यामागील तत्त्व होतें. नाहीं तर कोणी कामच करणार नाहीं, अशी कायदेकर्त्यांस भीति वाटत होती. म्हणून धडधाकट गरिबास घरीं मदत न देतां त्याला ‘वर्कहाउस’ नांवाच्या दरिद्रालयांत दाखल होण्यास सांगावें, असें ठरलें. तेथें नवरा एका विभागांत, बायको दुसऱ्यांत आणि मुलें तिसऱ्यांत. अंगावर संस्थेचे कपडे. आणि काम म्हणजे दगड फोडणें किंवा जुन्या दोरखंडांचे धागे सोडविणें. आश्रय घेणाऱ्यास १९१८ सालापर्यंत पार्लमेंटच्या निवडणुकींत मतहि देतां येत नसे. उत्तरेकडील कारखान्यांच्या गांवीं मंदी आली म्हणजे शेंकडों कुटुंबें एकदम उघड्यावर पडत, आणि तेथें हा नियम तंतोतंत पाळणें अशक्य होई. परंतु कायद्याची दृष्टि बदलली नाहीं. गिरणी बंद पडल्यामुळें उपाशी राहिलेला कुशल कारागीर आणि जन्माचा भटक्या या दोघांनींहि एकच गोष्ट दाखवावयाची होती : आपण अगदीं निराधार झालों आहों.

स्वाभिमानी कामगारांनीं यावर स्वतःचा उपाय शोधला. अनेक कामगारसंघ आपल्या सभासदांकडून वर्गणी घेत आणि काम गेलेल्या सभासदास आठवड्याला थोडी रक्कम देत. बेल्जममधील घेंट शहरानें १९०१ सालीं एक पाऊल पुढें टाकलें. संघाकडून बेकारास जी रक्कम मिळे तींत नगरपालिकेनें स्वतःची भर घालावी, अशी पद्धति तेथें सुरू झाली. या पद्धतींत कोणी हात पसरीत नसे. ज्यानें चांगल्या दिवसांत भरलें, त्यानें वाईट दिवसांत घेतलें, असा तो सरळ व्यवहार होता.

याच सुमारास इंग्लंडांत विल्यम बेव्हरिज नांवाचा एक तरुण अभ्यासक बेकारीच्या प्रश्नाकडे नव्या दृष्टीनें पाहूं लागला होता. त्याचा जन्म १८७९ सालीं बंगालमधील रंगपूर येथें झाला. वडील हिंदुस्थानांत सनदी नोकरींत होते. बेकारी हा बेकार माणसाचा दुर्गुण नसून उद्योगधंद्यांच्या रचनेंतील दोष आहे, हें त्यानें १९०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत मांडलें. एका गांवीं माणसें कामाच्या शोधांत हिंडतात आणि दुसऱ्या गांवीं मालक माणसांच्या शोधांत असतात. दोघांची गांठ घालणारी जागा मात्र कोठेंच नाहीं, असें त्याचें म्हणणें होतें. त्या वेळचे व्यापारमंत्री विन्स्टन चर्चिल यांनीं त्याला आपल्या खात्यांत घेतलें. आणि १ फेब्रुवारी १९१० रोजीं देशांत सरकारी कामगार-विनिमय-केंद्रें उघडलीं.

या केंद्रांमुळें पुढील पाऊल टाकतां आलें. एखादा माणूस खरोखरच बेकार आहे कीं नाहीं, हें पाहण्याचें साधन आतां सरकारच्या हातीं होतें. त्याला नोकरी देऊं करावी. ती त्यानें घेतली तर प्रश्न मिटला, आणि देण्यासारखें कामच नसेल तर त्याची बेकारी सिद्ध झाली! १९११ सालच्या राष्ट्रीय विमा कायद्याचा दुसरा भाग याच पायावर उभा राहिला. बांधकाम, जहाजबांधणी, यंत्रनिर्मिति, लोखंडाचें ओतकाम इत्यादि सात धंद्यांतील सुमारें साडेबावीस लाख कामगारांस तो लागू झाला. दर आठवड्यास कामगारानें अडीच पेन्स भरावयाचे, मालकानें तितकेच. आणि दोघांची मिळून जी रक्कम होई तिच्या एक तृतीयांश भर सरकारनें घालावयाची. या वर्गणीचीं तिकिटें कामगाराच्या पुस्तकांत चिकटविलीं जात. वर्गणीस जुलै १९१२ मध्यें आरंभ झाला आणि भत्ता जानेवारी १९१३ पासून मिळूं लागला.

मागणी करण्याची रीत साधी होती. काम सुटलें कीं कामगारानें आपलें पुस्तक केंद्रांत जमा करावयाचें आणि नेमलेल्या वेळीं तेथें जाऊन सही करावयाची. पहिला आठवडा कोरडा जाई. त्यानंतर आठवड्याला सात शिलिंग. वर्षांत फार तर पंधरा आठवडे. आणि पांच आठवड्यांच्या वर्गणीस एका आठवड्याचा भत्ता, असें प्रमाण. गैरवर्तनामुळें काढलेल्यास किंवा सबळ कारणावांचून नोकरी सोडणाऱ्यास सहा आठवडे भत्ता नसे. संपांत सामील झालेल्यासहि तो मिळत नसे. परंतु संपकऱ्यांच्या रिकाम्या जागीं काम करण्याचें नाकारलें म्हणून मात्र कोणाचा भत्ता बंद होत नसे. अर्ज नामंजूर झाल्यास लवादमंडळाकडे दाद मागतां येई. या मंडळांत मालकांचा एक, कामगारांचा एक आणि निःपक्षपाती अध्यक्ष असे तिघे बसत. सात शिलिंगांत कुटुंब चालत नसे हें खरें. परंतु कामगारास आतां आपलें दारिद्र्य उघडें करून दाखवावें लागत नव्हतें. पुस्तकांतील तिकिटें त्याच्या वतीनें साक्ष देत होतीं.

पहिल्या महायुद्धानंतर, १९२० सालीं, ही योजना एक कोटीहून अधिक कामगारांस लागू करण्यांत आली. शेतमजूर आणि घरगुती नोकर मात्र वगळले गेले. दुर्दैवानें, योजना वाढली आणि लागलीच बाजार कोसळला. १९२१ च्या उन्हाळ्यांत बेकारांची संख्या वीस लाखांवर गेली. पंधरा आठवड्यांच्या तात्पुरत्या अडचणीसाठीं बांधलेली गाडी वर्षानुवर्षांच्या बेकारीचें ओझें ओढूं लागली. वर्गणी संपलेल्यांसहि भत्ता देणें सरकारास भाग पडलें. आणि जेथें वर्गणी संपली तेथें हक्काचा पायाहि डळमळूं लागला.

१९२१ सालीं एक नवी अट आली. अर्जदार ‘खरोखर मनापासून काम शोधीत आहे’ अशी खात्री पटली पाहिजे. प्रथम ही अट वाढीव भत्त्यापुरती होती. १९२४ सालीं ती सर्वांस लागू झाली. शब्द साधे दिसतात. परिणाम मात्र कठोर झाला. पूर्वीं केंद्रानें काम देऊं करावयाचें होतें. आतां बेकारानें शोधाचा पुरावा आणावयाचा होता. ज्या गांवची एकुलती एक खाण बंद पडलेली, तेथील खाणकामगारानेंहि काल कोणकोणत्या दरवाजांवर जाऊन आलों, हें सांगावयाचें. दरवाजे बंद आहेत हें विचारणाऱ्यास ठाऊक, सांगणाऱ्यासहि ठाऊक. तरी पायपीट झालीच पाहिजे! मनांतील हेतु सिद्ध करणें हें कोणत्याहि न्यायालयांत दुर्घट असतें, आणि येथें तें भुकेल्या माणसाकडून अपेक्षिलें जात होतें. अखेर १९३० सालीं मजूर पक्षाच्या सरकारनें ही अट काढून टाकली. योग्य काम देऊं केलें असतां तें नाकारलें, असें दिसलें तरच भत्ता बंद करावा, असें ठरलें.

हा दिलासा फार काळ टिकला नाहीं. जागतिक मंदीनें सरकारी तिजोरी संकटांत सांपडली. भत्त्यांत दहा टक्के कपात करावी कीं नाहीं, या प्रश्नावर ऑगस्ट १९३१ मध्यें रॅम्से मॅक्डोनल्ड यांचें मंत्रिमंडळ फुटलें. नव्या राष्ट्रीय सरकारनें प्रौढ पुरुषाचा आठवड्याचा भत्ता सतरा शिलिंगांवरून पंधरा शिलिंग तीन पेन्सांवर आणला. त्याहूनहि जिव्हारीं लागली ती दुसरी गोष्ट. सव्वीस आठवड्यांनंतर जी मदत मिळे ती साऱ्या कुटुंबाच्या उत्पन्नाची चौकशी करूनच द्यावयाची, असा नियम त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत अंमलांत आला. मुलाचा पगार, मुलीची कमाई, म्हाताऱ्या आईबापांचें पेन्शन, शिल्लक टाकलेले चार पौंड, सर्व कांहीं हिशेबांत धरलें जाई. चौकशी अधिकारी घरीं येई आणि त्याची नजर सामानसुमानावरून फिरे. मुलगा कामास लागला कीं बापाची मदत कमी होई. बाप मुलाच्या ताटाखालचें मांजर होऊन बसे. आणि मिळवते मुलगे घर सोडून अन्यत्र खोली घेऊं लागले. काटकसर करणाऱ्याला तर शिक्षाच झाली. कारण ज्यानें कांहींच शिल्लक टाकलें नव्हतें त्याच्यापाशीं मोजण्यासारखें कांहीं नव्हतें. जानेवारी १९३३ मध्यें नोंदलेल्या बेकारांची संख्या तीस लाखांच्या घरांत पोंचली होती, यावरून या चौकशीची झळ किती घरांस लागली असेल याची कल्पना यावी.

१९३६ सालच्या जॅरोच्या मोर्च्याची हकीकत याच काळांतली. टाइन नदीच्या कांठचें हें गांव पामर कंपनीच्या जहाजगोदीवर जगत होतें. ती गोदी बंद पडली आणि गांव ओस पडल्यासारखें झालें. ५ ऑक्टोबर रोजीं तेथील सुमारें दोनशें बेकार लंडनकडे पायीं निघाले. पावणेतीनशें मैलांहून अधिक अंतर चालून ३१ तारखेस ते राजधानींत पोंचले. त्यांची मागणी भत्त्याची नव्हती, कामाची होती. त्यांच्या पार्लमेंट-सभासद एलेन विल्किन्सन यांनीं अर्ज सभागृहांत सादर केला. परंतु त्यांतून तत्काळ कांहीं निष्पन्न झालें नाहीं. उलट मोर्चेकरी घरीं परतले तेव्हां मोर्च्याच्या दिवसांचा भत्ता कापला गेल्याचें त्यांस आढळलें. मधल्या दिवसांत काम निघालें असतें तर ते हजर नव्हते, असा त्यावर खुलासा होता!

दुसऱ्या महायुद्धानें जनमत पालटलें. साऱ्या कुटुंबाचें उत्पन्न मोजण्याची पद्धति १९४१ सालीं रद्द झाली. डिसेंबर १९४२ मध्यें त्याच बेव्हरिजचा सुप्रसिद्ध अहवाल बाहेर पडला. दारिद्र्य, रोग, अज्ञान, गलिच्छपणा आणि रिकामपण या पांच राक्षसांशीं राष्ट्रानें झुंज द्यावी, असें त्यानें सांगितलें. वर्गणीच्या बदल्यांत, संपत्तीची चौकशी न करतां, निर्वाहापुरता भत्ता द्यावा, हा त्याचा आग्रह होता. १९४६ चा कायदा ५ जुलै १९४८ रोजीं अंमलांत आला. एकट्या माणसास आठवड्याला सव्वीस शिलिंग आणि जोडप्यास बेचाळीस शिलिंग असा भत्ता ठरला. तरीहि जुना वाद कायमचा मिटला नाहीं. ‘सक्रियपणें काम शोधण्याची’ अट १९८९ सालीं कायद्यांत परत आली, आणि १९९६ पासून वर्गणीच्या आधारें मिळणारा भत्ता सहा महिन्यांपुरताच उरला.

आपल्या देशांत हा प्रश्न निराळ्या वाटेनें गेला. १९२९ सालीं नेमलेल्या व्हिटले कमिशननें, ज्यांत ना. म. जोशी हेहि एक सभासद होते, हिंदुस्थानांत राष्ट्रीय बेकारी-विमा तूर्त व्यवहार्य नाहीं, असें मत दिलें. कामगार सदा गांव आणि गिरणी यांमध्यें जात-येत असे. कोण किती दिवस कोठें राबला याची पक्की नोंद नव्हती. प्रा. बी. पी. अडारकर यांच्या १९४४ च्या अहवालांतून कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ सालीं आला; परंतु त्यांत आजार, बाळंतपण आणि अपघात यांची तरतूद होती, बेकारीची नव्हती. १९५३ सालीं औद्योगिक कलह कायद्यांत दुरुस्ती झाली आणि कपातींत काढलेल्या कामगारास सेवेच्या प्रत्येक वर्षामागें पंधरा दिवसांचें सरासरी वेतन भरपाई म्हणून ठरलें. विम्याच्या योजनेंत बेकारभत्त्याचा शिरकाव झाला तो थेट २००५ सालीं.

खेड्यांतील रोजगारहीनासाठीं मात्र महाराष्ट्रानें स्वतंत्र मार्ग काढला. वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून तासगांव तालुक्यांत १९६५ सालीं प्रयोग झाला; १९७२ च्या दुष्काळांत तिचें महत्त्व सर्वांस पटलें; आणि १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा मंजूर झाला. कामाची मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यावें, न दिल्यास रोज किमान एक रुपया भत्ता द्यावा, असें त्यांत होतें. या योजनेच्या खर्चासाठीं शहरांतील नोकरदारांवर व्यवसायकर बसला होता, हें पगारपत्रक पाहणाऱ्या थोड्यांनाच ठाऊक असेल. येथेंहि अडचण पुराव्याचीच आली. मजुरानें काम मागितल्याची तारीखवार पोंच हातीं नसेल, तर पंधरा दिवस मोजावयाचे कोठून? त्यामुळें कायद्यांतील भत्ता प्रत्यक्षांत क्वचितच हातीं पडला.

इंग्लंडचा कामगार १९१३ सालीं सात शिलिंग मागावयास गेला तेव्हां त्याच्या हातीं तिकिटें चिकटविलेलें पुस्तक होतें, आणि म्हणून त्याची मान ताठ होती. तीं तिकिटें जेथें निरुपयोगी ठरलीं, तेथें त्याच्या घराची झडती सुरू झाली. आपल्याकडील असंख्य मजुरांपाशीं, घरकाम करणाऱ्या बायांपाशीं आणि लहान दुकानांतील नोकरांपाशीं तसें पुस्तक कधींच नव्हतें. भत्त्याचे आंकडे कायद्यांत लिहिणें हें सरकारचें काम आहे. परंतु राबलेल्या दिवसाची नोंद आणि तिची पोंच कामगाराच्या हातीं देणें, हें ज्याच्या ज्याच्या हाताखालीं कोणी राबतें त्या प्रत्येकाचें काम आहे. तेवढें झालें तर काम गेल्यावर त्या माणसाला दुसऱ्यापुढें आपली गरिबी मांडत बसावें लागणार नाहीं.