सकाळी ९.३९ ते १०.५७

(वेळा भारतीय प्रमाणवेळेनुसार)

२१ एप्रिल २०१०. मॅकॅफीच्या अँटिव्हायरसची त्या दिवशीची नवी यादी जगभर गेली. क्रमांक ५९५८. विंडोज एक्सपीतली 'एसव्हीसीहोस्ट' ही विंडोजची स्वतःची फाइल या यादीने विषाणू ठरवली आणि अँटिव्हायरसने ती उचलून बाजूला टाकली. संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू होऊ लागले. कंपनीचे तेव्हाचे तंत्रप्रमुख जॉर्ज कर्ट्झ. पुढच्या वर्षी त्यांनी सहकाऱ्यांसोबत क्राउडस्ट्राइक ही कंपनी काढली.

२८ फेब्रुवारी २०२४. क्राउडस्ट्राइकच्या फाल्कन या सुरक्षा प्रोग्रॅमची ७.११ ही आवृत्ती ग्राहकांना मिळाली. विंडोजवर चालणाऱ्या प्रोसेस 'नेम्ड पाइप'मधून एकमेकींना निरोप देतात. हल्लेखोरही तीच वाट वापरतात. त्यांना हेरण्यासाठी या आवृत्तीत नवा साचा होता. साच्यात रकाने २१. प्रत्यक्षात माहिती पुरवणारा कोड २० रकान्यांपुरताच लिहिलेला.

फाल्कनचा ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, चालतो आणि विंडोज सुरू होतानाच जागा होतो. राखणदाराला थेट माजघरात मोकळीक दिल्यासारखेच हे. साधा प्रोग्रॅम चुकला तर तेवढाच बंद पडतो. कर्नलमध्ये चूक झाली की अख्खा संगणक थांबतो.

५ मार्च. साच्याची ताणचाचणी. एकविसाव्या रकान्यात 'काहीही चालेल' अशी खूण होती. त्यामुळे तो रकाना कोणी वाचलाच नाही. चाचणी उत्तीर्ण.

८ ते २४ एप्रिल. याच साच्यावर बेतलेले, हल्लेखोर ओळखण्याचे आणखी तीन नियम ग्राहकांकडे गेले. काही बिघडले नाही. विश्वास वाढला.

या काळात अनेक सावध ग्राहकांनी फाल्कनच्या सेटिंगमध्ये एक पर्याय निवडून ठेवला होता: नवी आवृत्ती लगेच नको, एक पाऊल मागची द्या. ती खबरदारी ड्रायव्हरच्या आवृत्तीपुरतीच होती. नियमांच्या फाइली तिला न जुमानता सगळ्यांकडे एकदमच जात. ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टच्या प्रमाणपत्र-चाचणीतून जाई, या फाइली जात नसत. माझ्या मते सगळ्यात महाग पडलेला निर्णय हाच.

१९ जुलै, पहाटे ३.२६. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युअर सेवेत, अमेरिकेच्या मध्य विभागात बिघाड सुरू झाला. त्याचा फाल्कनशी संबंध नव्हता. पण काही तासांनी पडदे निळे झाले तेव्हा अनेकांचे बोट आधी तिकडेच गेले.

सकाळी ९.३९. नियमांची नवी फाइल, चॅनल फाइल २९१, रवाना झाली. तीत दोन नवे नियम होते. एका नियमात एकविसाव्या रकान्यात पहिल्यांदाच तपासण्याजोगा मजकूर होता. फाइल तपासणारा प्रोग्रॅम रकाने २१ आहेत असेच धरून चालला होता. त्याने ती मंजूर केली. आधी थोड्या संगणकांवर, मग बाकीच्यांवर, असा टप्पा ठेवलेलाच नव्हता. कंपनीच्या मुख्यालयी, टेक्ससमधल्या ऑस्टिनला, गुरुवारची रात्र होती: ११.०९. सिडनीत शुक्रवारची दुपार, २.०९.

ड्रायव्हर एकविसावा रकाना वाचायला गेला. मेमरीत त्या जागी त्याच्या हक्काचे काही नव्हते. निळा पडदा. संगणक पुन्हा सुरू झाला, ड्रायव्हर जागा झाला, त्याने तीच फाइल वाचली. पुन्हा निळा पडदा.

त्या वेळी बंद असलेले किंवा नेटला न जोडलेले संगणक वाचले.

१०.५७. फाइल मागे घेतली गेली. ७८ मिनिटे झाली होती. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख संगणक पडले होते. जगातल्या विंडोज संगणकांच्या एक टक्क्याहूनही कमी, पण त्यांत विमानतळ, रुग्णालये, बँका आणि वृत्तवाहिन्या होत्या. दुरुस्त फाइल सर्व्हरवर तयार होती. पडलेल्या बहुतेक संगणकांना नेटपर्यंत पोहोचून ती घेण्याइतकी उसंतच मिळत नव्हती.

दिवसभरात इंडिगोची सुमारे २०० उड्डाणे रद्द झाली. हैदराबादला प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. रिझर्व्ह बँकेने सांगितले की दहा बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ अडथळा आला.

दुपारी ३.१५. कर्ट्झ यांनी 'एक्स'वर लिहिले की हा सायबर हल्ला नाही. दोष सापडला आहे, उपाय दिला आहे.

उपाय हाताने करायचा होता. सेफ मोडमध्ये जा, ड्रायव्हरच्या फोल्डरमधली २९१ ची फाइल पुसा, संगणक सुरू करा. एकेका संगणकासमोर बसून. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल तर आधी ४८ आकडी किल्ली. काही संस्थांनी या किल्ल्या ज्या सर्व्हरवर ठेवल्या होत्या, तेही निळे पडले होते.

२० जुलै, पहाटे ३. नागरी हवाई वाहतूक मंत्र्यांच्या माहितीनुसार देशातल्या विमानतळांवरच्या यंत्रणा या वेळेपासून सुरळीत होऊ लागल्या. अमेरिकेत डेल्टाची उड्डाणे पुढेही काही दिवस रद्द होत राहिली.

६ ऑगस्ट. कंपनीचा सविस्तर अहवाल आला. रकाने मोजून बघणारी तपासणी आता बसवली होती. नियमांच्या फाइली यापुढे टप्प्याटप्प्याने जातील, आणि त्या कधी घ्यायच्या हे ग्राहकाला ठरवता येईल, असे त्यात नमूद होते.