एक नाव, दोन वाण : क्रोकोस्फेराच्या अभ्यासाचा इतिहास

उष्ण कटिबंधातला खुला समुद्र निळाशार दिसतो, कारण त्या पाण्यात खत फार कमी. वर हवेत नायट्रोजन मुबलक आहे, पण तो थेट वापरू शकणारे जीव थोडे. त्यातलाच एक म्हणजे क्रोकोस्फेरा वॉटसोनाय, एकपेशीय सायनोबॅक्टेरिया. त्याच्या अभ्यासाचा इतिहास आज आपण पाहू.

१९८०च्या दशकात अमेरिकेतल्या वुड्स होल संस्थेच्या जॉन वॉटरबरी यांनी दक्षिण अटलांटिकच्या उष्ण पाण्यातून एक वाण वेगळा करून वाढवला. त्याचं नाव डब्ल्यूएच ८५०१. हा जीव दिवसा प्रकाशसंश्लेषण करतो आणि नायट्रोजन रात्री बांधतो. असं का? तर नायट्रोजन बांधणारं विकर ऑक्सिजनने निकामी होतं. पुढे २००१ साली जोनाथन झेर आणि सहकाऱ्यांनी हवाईजवळच्या समुद्रात असे एकपेशीय जीव नायट्रोजन बांधतात हे दाखवलं, आणि या मंडळींचं महत्त्व एकदम वाढलं. अभ्यासासाठी हाताशी कोण? तर तोच डब्ल्यूएच ८५०१. त्याच्या पेशी लहान, कल्चर स्वच्छ. साहजिकच क्रोकोस्फेरा म्हटलं की तोच, असं होऊन बसलं.

पण संग्रहात दुसरेही वाण होते. २००९ साली एरिक वेब आणि सहकाऱ्यांनी ते शेजारी ठेवून तपासले. काहींच्या पेशी मोठ्या, ४ मायक्रॉनहून जास्त, आणि त्यांच्या कल्चरमध्ये डोळ्यांना दिसेल इतकी बुळबुळ! वाटेल, उपासमार झाली म्हणून स्रवत असतील. तसं नाही. २०११च्या प्रयोगांत दिसलं, की हे वाण चांगल्या वाढीतही बुळबुळ सोडतातच. २०१३ साली सहा वाणांचे जीनोम ताडून पाहिले, तेव्हा मोठ्या पेशींच्या वाणांचे जीनोमही मोठे निघाले, आणि बुळबुळीशी संबंधित जास्तीची जनुकंही त्यांच्यात सापडली.

आता यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. बघा, बुळबुळ म्हणजे बहुशर्करा, म्हणजे पेशीने कमावलेला कार्बन बाहेर टाकणं. त्यावर दुसरे जीवाणू जगू शकतात. चिकट कण गोळा होऊन खाली बुडू शकतात. मग समुद्राच्या कार्बनचा हिशोब एकट्या डब्ल्यूएच ८५०१वरून मांडला, तर तो चुकणारच.

प्रयोगशाळेत सोयीचा असलेला वाण समुद्राचा प्रतिनिधी असेलच असं नाही. पाण्यात कोणता वाण किती आहे, हे आधी मोजायला हवं.